गाडीतल्या मोडेमचा अँटेना कसा बसवायचा? जागा, केबल आणि कनेक्टर

फोनला रेंज नसेल तर आपण खिडकीजवळ जातो. बसमध्ये पक्क्या बसवलेल्या मोडेमला ते जमत नाही. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून अँटेना छतावर लावून केबल आत आणतात.

एआयएस-१४० मानकानुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी ट्रॅकिंग यंत्र आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं झालं. अडचणीत कोणी ते बटण दाबलं, तर मेसेज शेवटी अँटेनातूनच बाहेर जातो. मी सॉफ्टवेअर लिहितो; पण फिटिंग कच्चं असेल तर कितीही चांगला कोड उपयोगाचा नाही.

कोणता अँटेना कुठे?

• सेल्युलर: ४जी मोडेमला सहसा दोन अँटेना लागतात. दोन्ही जोडा, नाहीतर स्पीड कमी मिळतो. जागा छताच्या मध्याजवळची, एसी आणि कॅरिअरपासून लांब. चुंबकाचा अँटेना लोखंडी पत्र्यावरच चिकटतो. शिवाय बऱ्याच अँटेनांना खाली धातूचा पृष्ठभाग लागतोच, त्यामुळे फायबरच्या छतासाठी वेगळा अँटेना घ्या.
• जीपीएस: वर मोकळं आकाश हवं.
• वाय-फाय: हा प्रवाशांसाठी, म्हणून गाडीच्या आत.

केबल: जितकी लांब, तितका तोटा

९०० मेगाहर्ट्झला आरजी-१७४ ही बारीक केबल दर मीटरला साधारण १ डेसिबल सिग्नल खाते. ३ डेसिबल म्हणजे निम्मी पॉवर! म्हणजे ३ मीटर केबलमध्येच अर्धा सिग्नल गेला. तेवढ्याच लांबीच्या एलएमआर-२०० मध्ये साधारण १ डेसिबलच जातो. फ्रिक्वेन्सी वाढली की तोटाही वाढतो. त्यामुळे मोठा अँटेना घेण्याआधी केबल आखूड आणि चांगली घ्या.

केबल काटकोनात मोडू नका. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट लावा. खिडकीशेजारच्या खांबात एअरबॅग असेल तर केबल तिच्या समोरून अजिबात नेऊ नका.

कनेक्टर नीट बघा

सेल्युलरला एसएमए, तर वाय-फायला बहुतेक वेळा आरपी-एसएमए कनेक्टर असतो. दोन्ही सारखेच दिसतात आणि एकमेकांवर फिरून घट्टही बसतात. पण मध्ये पिन नसलेला वाय-फाय अँटेना सेल्युलर सॉकेटवर लावला, तर आत संपर्कच होत नाही. लावण्याआधी पिन तपासा.

शेवटी टेस्ट

मोडेमच्या सेटिंग पेजवर आरएसआरपी हा आकडा बघा. उणे ८५ चांगला, उणे ११५ कमजोर. एकाच जागी गाडी उभी करून अँटेना बसवण्याआधी आणि नंतर आकडा लिहून ठेवा. फरक पडला नसेल, तर मोडेम बदलण्याआधी कनेक्टर आणि केबल तपासा.