राजेळी, सेरोटोनिन आणि फुप्फुसे
वसई-आगाशीच्या वाड्यांचा इतिहास बहुधा व्यापाराच्या अंगाने सांगितला जातो. १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुटू लागली. राज्ये गेली, केळीच्या बागा राहिल्या. आगाशीची सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी जातीची केळी, ठाणे जिल्ह्यात सर्वोत्तम असल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरनेही केली. याच फळाकडे १९५८ मध्ये वैद्यकाने जरा संशयाने पाहिले. अमेरिकी संशोधकांना केळ्याच्या गरात सेरोटोनिन सापडले, ग्रॅममागे सुमारे २८ मायक्रोग्रॅम. रक्तवाहिन्या आवळणारे हे द्रव्य जेमतेम दहा वर्षांपूर्वी रक्तातून वेगळे काढले गेले होते. मग पिढ्यान्‌पिढ्या केळी खाणाऱ्या वसईकराचे काय? ‘आमच्या आज्याने खाल्ली, त्याला काही झाले नाही’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आज्याने तंबाखूही खाल्ली होती. खरे उत्तर त्या द्रव्याच्या शरीरातल्या वाटेत आहे.

ती वाट आतड्याच्या अस्तरातून आणि यकृतातून जाते. केळ्यातले बहुतेक सेरोटोनिन तिथेच मोडते. त्यातून निसटलेले हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांत येते, आणि फुप्फुसे फक्त हवा घेतात ही समजूत इथे अपुरी पडते. १९२५ मध्ये स्टार्लिंग आणि व्हर्नी शरीराबाहेर काढलेल्या मूत्रपिंडातून रक्त फिरवत होते. नुसते रक्त सोडले की त्याच्या वाहिन्या आवळून बसत. तेच रक्त आधी फुप्फुसांतून नेले की प्रवाह सुरळीत होई. रक्तातले काहीतरी फुप्फुसे काढून घेत होती. १९५३ मध्ये गॅडम आणि सहकाऱ्यांनी सेरोटोनिन फुप्फुसांत नष्ट होते हे दाखवले. पुढे जॉन व्हेन यांच्या प्रयोगांतून या कामातली निवड स्पष्ट झाली: ब्रॅडिकायनिन आणि ई व एफ गटांतली प्रोस्टाग्लँडिन्स एका फेरीत बहुतांशी निकामी होतात, अ‍ॅड्रेनॅलिन मात्र जवळजवळ जसेच्या तसे पुढे जाते. स्थानिक कामाची द्रव्ये जागच्या जागी संपवायची आणि दूरवर निरोप नेणाऱ्यांना वाट द्यायची, असा हा जकातनाका आहे.

आतडी आणि यकृत एवढे करत असतील तर केळ्यापुरती फुप्फुसांची गरज काय, हा आक्षेप रास्त आहे. केळ्यापुरती ती थोडीच. पण सेरोटोनिन स्रवणाऱ्या कार्सिनॉइड गाठी यकृतात पसरल्या की ते थेट हृदयाकडे जाते, आणि तेव्हा झडपा खराब होतात त्या मुख्यतः उजव्या बाजूच्या. डावी बाजू बहुधा वाचते, कारण मध्ये फुप्फुसे आहेत. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर तीही सुटत नाही. दुसरा आक्षेप आफ्रिकेतून आला. युगांडा आणि नायजेरियात हृदयाचे आतले अस्तर जाड होणाऱ्या रोगाचे खापर केळ्यातल्या सेरोटोनिनवर फोडले गेले. केरळातही तो रोग दिसला, त्यामुळे तर्क भारतालाही लागू करता येण्याजोगा होता. परंतु त्या रोगात डावा कप्पाही सापडतो, आणि फुप्फुसांचे काम लक्षात घेतले की नुसत्या केळ्यावर हा आरोप टिकवणे अवघड होते. केळ्याने खरा घोटाळा होतो तो प्रयोगशाळेत: ते खाल्ल्यावर सेरोटोनिन मोडून उरणारे द्रव्य लघवीत वाढते आणि गाठ असल्याचा भास होतो. म्हणून या तपासणीआधी केळी बंद ठेवायला सांगतात. वसईच्या रुग्णाला सुकेळीचे नावही वेगळे घेऊन सांगितलेले बरे.