आईची कुडी सात रस्त्यावर पडली, आता शोधायची कुठे? दागिना हरवल्यावर काय करायचं, काय टाळायचं

सोलापूरच्या सात रस्त्यावर गाडी सिग्नलला थांबते. स्कार्फ नीट करायला हात कानाशी जातो आणि कळतं, एका कानातली कुडी नाही. वजन जेमतेम दोन ग्रॅम. सराफ आजच्या भावाने तशीच दुसरी घडवून देईल, पण आईने वर्षानुवर्षं वापरलेली तीच कुडी कोणी घडवून देऊ शकत नाही.

अशा वेळी माणूस आल्या वाटेने धावत सुटतो, नाहीतर घरी जाऊन कामवाल्या मावशींकडे संशयाने बघतो. दोन्हींचा उपयोग नसतो. शोधायची पद्धत असते, ती बघूया.

आधी "शेवटचं कधी दिसलं" हे ठरवा

आठवणीवर विसंबू नका, मोबाईल उघडा. आज काढलेले फोटो, सेल्फी, व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट मोठे करून कान, गळा, बोटं बघा. फोटोवर वेळ असतेच. त्यानंतर यूपीआयचे व्यवहार बघा. भाजी, पेट्रोल, रिक्षा यांचे पैसे किती वाजता दिले ते कळलं की तुम्ही कुठे कुठे होतात याची यादीच तयार होते. पाच तासांचा शोध बऱ्याचदा पाऊण तासावर येतो.

मग अंगावरचे कपडे. सोलापूरच्या उन्हात स्कार्फ आणि सनकोट असतोच, आणि कानातलं अडकायची पहिली जागा तीच. फरशीवर पांढरी चादर पसरून त्यावर स्कार्फ, ओढणी, सनकोट हलक्या हाताने झटका. केस, हेल्मेटचं अस्तर, ब्लाउजची शिवण, पर्सचा फाटका कप्पा तपासा. गाडीचं पायदान आणि सीटची फटही बघा.

घरात शोधताना

झाडू मारू नका. बारीक वस्तू झाडूसोबत फटीत जाते किंवा केरात मिसळते. दिवे बंद करा, टॉर्च फरशीला टेकवून आडवी धरा. आडव्या उजेडात लहानसा मणीही चमकतो आणि त्याची लांब सावली पडते. खोलीचे चौकोन पाडून एकेक संपवा. लोहचुंबक आणू नका, सोनं त्याला चिकटत नाही.

बेसिनमध्ये पडल्याची शंका असेल तर नळ ताबडतोब बंद करा. बेसिनखालच्या पाईपला वळण किंवा बाटलीसारखा भाग असतो. सोनं पाण्याच्या सुमारे १९ पट जड, दागिन्याचं सोनंही फार हलकं नसतं. त्यामुळे ते त्या वळणात बसून राहण्याची शक्यता चांगली असते. खाली बादली ठेवून तो भाग उघडा. जोरात पाणी सोडलंत तर मात्र पुढे ढकललं जाईल. पुढून दार उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर दाराच्या रबराची घडी बघा.

केर घंटागाडीत गेला असेल तर गाडीची वेळ आणि तुमचा भाग सांगून महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला लगेच फोन करा. गाडी रिकामी होण्याआधीचा एक तास नंतरच्या चार दिवसांपेक्षा मोलाचा.

जमा केलेली धूळ पिठाच्या चाळणीने चाळा. जुन्या सराफ बाजारांत झारेकरी हेच करत आले आहेत. दुकानांची धूळ आणि गटारातला गाळ पसरट भांड्यात धुवायचा, हलकी माती पाण्यासोबत जाते आणि जड सोनं तळाशी राहतं.

जनावराने गिळलं असेल तर

हसू नका, असं आपल्याकडे घडलं आहे. २०१९ च्या पोळ्याला अहमदनगर जिल्ह्यात ओवाळणीच्या ताटातलं मंगळसूत्र बैलाने गिळलं. घरच्यांनी आठवडाभर शेण तपासलं, काही मिळालं नाही. शेवटी शस्त्रक्रिया करून ते काढावं लागलं. २०२३ मध्ये वाशिम जिल्ह्यात म्हशीनेही मंगळसूत्र गिळलं. मेटल डिटेक्टरने जागा शोधून पशुवैद्यकांनी ते बाहेर काढलं.

कारण सोपं आहे. गाई-म्हशींच्या पोटाचे चार कप्पे असतात. जड धातू बहुतेक वेळा जाळीदार कप्प्यात अडकतो आणि पुढे सरकत नाही. म्हणून शेणाची वाट बघत बसू नका, थेट पशुवैद्यकांना दाखवा. धातू टोकदार असेल तर जनावराच्या जिवालाही धोका असतो.

रस्त्यावर पडला असेल तर

• चौकातली दुकानं, चहाची टपरी, रिक्षा थांबा इथे नंबर देऊन ठेवा. सकाळी झाडणाऱ्या सफाई कामगारांनाही सांगा.
• दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यामुळे त्याच दिवशी विनंती करा. दुकानदार नाही म्हणाला तर वाद घालू नका, पोलिसांमार्फत मागा.
• रिक्षाचे पैसे ऑनलाइन दिले असतील तर चालकाचं नाव व्यवहारात दिसतं.
• रेल्वेत विसरलं असेल तर १३९ वर कळवा. रेल्वे सुरक्षा दल "ऑपरेशन अमानत" या नावाने सापडलेलं सामान प्रवाशांना परत देतं.

पोलिसांत जाताना: "गहाळ" की "चोरी"?

हा फरक महत्त्वाचा आहे. दागिना कुठे पडला हेच माहीत नसेल तर गहाळ झाल्याची नोंद होते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही अशी सोय आहे. पण कोणी गळ्यातून ओढून नेला असेल तर तो गुन्हा आहे, तिथे एफआयआरच हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा सांगितला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंद कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

चोरीचा दागिना मिळाला तर तो वर्षानुवर्षं मालखान्यात पडून राहील, ही भीती अनेकांना असते. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे दागिने पंचनामा करून, फोटो काढून, हमीपत्र घेऊन लवकर परत द्यावेत. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो.

पोस्ट टाकताना एक खूण लपवा

व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर जरूर टाका, पण सगळं सांगू नका. दागिना, दिवस, परिसर एवढं पुरे. एक खूण स्वतःकडे ठेवा: फिरकी बदललेली आहे, मागे अक्षर कोरलंय, एक मोती पिवळा पडलाय. "सापडला" म्हणणाऱ्याला तीच विचारा. आधी पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्याला काहीही देऊ नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. दागिना घ्यायला जाताना एकटे जाऊ नका, पोलिस ठाण्यात किंवा गर्दीच्या जागी भेटा.

आणि पुराव्याशिवाय कोणाचं नाव लिहू नका. कुडी उद्या उशीच्या अभ्र्यात सापडेल, पण कामवाल्या मावशींची गेलेली अब्रू परत आणता येणार नाही.

तुम्हालाच दागिना सापडला तर?

"रस्त्यावरचं ज्याला मिळेल त्याचं" असा कायदा नाही. भारतीय करार कायदा १८७२ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक माहीत असून किंवा शोधणं शक्य असून ती स्वतःसाठी वापरली तर न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. त्यात सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. परत देण्यासाठी उचलून ठेवणं मात्र गुन्हा नाही. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्याचा हक्कही कायदा देतो.

आज दहा मिनिटं काढा

जवळच्या प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. वजन आणि खुणा लिहा, पावती जपून ठेवा. नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो टिपून घ्या. एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यांवर तो सक्तीचा आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना सूट आहे आणि आईच्या जुन्या दागिन्यांवर तो नसणारच. त्यांची ओळख फक्त तुमचा फोटो पटवेल.

फिरकी फिरत असेल, मंगळसूत्राची कडी उघडी वाटत असेल किंवा दोरा झिजला असेल तर सणाची वाट बघू नका. याच आठवड्यात सोनाराकडे किंवा पटवेकऱ्याकडे जा.