बंधनऊर्जा, अणुकेंद्रीय

अणुकेंद्रातील सर्व प्रोटॉन व न्यूट्रॉन एकमेकांपासून पूर्णपणे सुटे करण्यास लागणारी ऊर्जा. हे कण एकत्र येऊन अणुकेंद्र बनते तेव्हा तेवढीच ऊर्जा बाहेर पडते आणि त्या प्रमाणात द्रव्यमान घटते. आइन्स्टाइन यांच्या समीकरणानुसार १ अणुद्रव्यमान एकक घट म्हणजे सुमारे ९३१.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (द. इ. व्हो.) ऊर्जा. उदा., दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन सुटे असताना त्यांचे एकूण द्रव्यमान ४.०३१९ एकके भरते. हीलियम–४ च्या अणुकेंद्राचे मात्र ४.००१५. या ०.०३०४ एककांच्या घटीतून २८.३ द. इ. व्हो., म्हणजे दर कणामागे ७.०७ द. इ. व्हो. बंधनऊर्जा मिळते.

आलेख : दर कणामागील बंधनऊर्जा हलक्या अणुकेंद्रांपासून वाढत जाऊन निकेल–६२ मध्ये कमाल (८.७९५ द. इ. व्हो.) होते, लोह–५६ (८.७९०) त्याच्या अगदी जवळ आहे. पुढे ती हळूहळू उतरते व युरेनियम–२३५ मध्ये सुमारे ७.६ राहते. कणांना बांधणारे प्रबल बल फक्त लगतच्या कणांपर्यंत पोहोचते. विद्युत् प्रतिसारण मात्र केंद्रातील प्रत्येक प्रोटॉन-जोडीत असते. त्यामुळे जड अणुकेंद्रांना न्यूट्रॉन अधिक लागतात. शिसे–२०८ मध्ये ८२ प्रोटॉन, तर १२६ न्यूट्रॉन आहेत. व्हाइटसेकर यांनी १९३५ मध्ये या घटकांचे सूत्र मांडले. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन यांच्या २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या ‘जादुई’ संख्यांशी आढळणारे जादा स्थैर्य मारिया गोपर्ट-मायर व हान्स येन्सेन यांच्या कवच प्रतिकृतीने (१९४९) उलगडले.

स्थैर्य : बंधनऊर्जा मोठी म्हणून अणुकेंद्र टिकाऊ, असे समजणे चूक आहे. लिथियम–६ मध्ये दर कणामागे केवळ ५.३३ द. इ. व्हो. असूनही ते स्थिर आहे. बेरिलियम–८ मध्ये ती ७.०६ आहे, तरी ते निमिषार्धही टिकत नाही. कारण दोन हीलियम–४ मिळून त्याच्यापेक्षा सुमारे ०.०९ द. इ. व्हो. इतके हलके भरतात. कमी द्रव्यमानाच्या अवस्थेकडे जाण्याची वाट खुली आहे का आणि ती किती अवघड आहे, यावरच आयुर्मान ठरते. युरेनियम–२३८ ला ही वाट आहे. पण ती इतकी अवघड, की त्याचा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे.

उपयोग : आलेखाच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे सरकताना ऊर्जा मुक्त होते. सूर्यात हायड्रोजनापासून एक हीलियम अणुकेंद्र बनताना सुमारे २६.७, तर युरेनियम–२३५ च्या एका भंजनात सुमारे २०० द. इ. व्हो. ऊर्जा मिळते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रात याच भंजनाच्या उष्णतेपासून वीज तयार करण्यास भारतात प्रारंभ झाला.