गर्भिणीचा दमा : ठाणे-कल्याण परिसरातील उपचारांची वाटचाल

गरोदर स्त्रीला दमा असेल तर औषध द्यावे की टाळावे, हा प्रश्न जुना आहे. प्रत्येक काळाने त्याचे उत्तर हाताशी असलेल्या औषधांकडे पाहून दिले. औषधे जहाल होती तोवर ती टाळण्यात शहाणपण होते. औषधे बदलली, तरी टाळण्याची सवय मागे उरली.

चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला तमकश्वास म्हणजे साधारणपणे आजचा दमा. आडवे झाले की धाप वाढते, उठून बसले की बरे वाटते, आणि ढगाळ हवा, पाऊस, गारवा व पूर्वेचा वारा यांनी त्रास उसळतो, हे त्यातले वर्णन उल्हास नदीच्या आणि ठाण्याच्या खाडीच्या काठी पावसाळा काढलेल्या कोणालाही पटेल. उपचारांत मात्र वमन-विरेचनाला मोठे स्थान आहे. गर्भिणीबद्दल त्याच ग्रंथाचा सल्ला उलट दिशेचा. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे न हिंदकळता न्यावे तसे तिला सांभाळावे, औषध मृदू व मधुर असावे, वमनादी कर्मे टाळावीत. तातडीच्या आजारात आठव्या महिन्यानंतर सौम्य वमनाची मुभाही तिथे आहे. ग्रंथातली ही पळवाट घरोघरी पोचली नाही; पोचली ती मनाई.

ही परंपरा पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडण्याचे काम कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेने, म्हणजे आनंदीबाई जोशी यांनी केले. १८८६ साली फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते. त्या स्वतः १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, आणि प्रत्यक्ष वैद्यकीचा लाभ या भागाला झाला नाही.

घरगुती औषधांत अडुळसा आणि धोतरा ही दोन नावे पुढे होती. धोतऱ्याची पाने जाळून धूर ओढण्याचा उपाय भारतातून युरोपात गेला. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी १८०२ च्या सुमारास तो एका इंग्रज सेनाधिकाऱ्याला सांगितला, तिथून तो ब्रिटनमध्ये पोचला आणि पुढे दम्याच्या सिगारेटी शंभर वर्षांहून अधिक काळ विकल्या गेल्या. धोतऱ्याने श्वासनलिका सैल होतात हे खरे, पण मात्रा थोडी चुकली की विषबाधा होते. अडुळसा कुंपणालाही सापडणारा आणि म्हणून निरुपद्रवी समजला गेलेला. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते. आधुनिक खोकल्याच्या औषधांतले ब्रोमहेक्सिन याच द्रव्यावरून बेतलेले आहे. कनकासव या आयुर्वेदिक औषधात तर धोतरा आणि अडुळसा दोन्ही असतात. तेव्हा पोटुशीला काढा देताना आजीबाईंचा हात आखडत असे, त्यामागे नुसती भीती नव्हती.

विसाव्या शतकात डॉक्टरांच्या पेटीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, एफेड्रिनच्या गोळ्या, थिओफायलिनच्या जातीची औषधे आली. डेरिफायलिन हे नाव तर अजून लोकांच्या तोंडी आहे. कफ पातळ करायला पोटॅशियम आयोडाइडचे मिश्रण दिले जाई. आईने ते दीर्घकाळ घेतले तर बाळाच्या गळ्याची ग्रंथी सुजून जन्मतःच श्वास अडू शकतो, हे नंतर स्पष्ट झाले. १९६१ मध्ये, गरोदरपणी घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइडचा अनर्थ जगापुढे आला. ते औषध दम्याचे नव्हते, पण गरोदरपणी गोळी म्हटली की अंगावर काटा येण्याचे दिवस तिथून सुरू झाले.

नेमक्या त्याच सुमारास या भागाची हवा बदलू लागली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याचे वागळे इस्टेट उभे राहिले. पाठोपाठ डोंबिवलीत रासायनिक कारखान्यांची वसाहत आली. शहाड-मोहने पट्ट्यात रेयॉनचे कारखाने आधीच होते. वसाहती वाढत गेल्या आणि कारखान्यांच्या भिंतीला घरांच्या भिंती टेकल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये काढलेल्या प्रदूषण निर्देशांकात डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. हा मान मिरवण्याजोगा नव्हता, ७० च्या वरची ठिकाणे अतिप्रदूषित गणली गेली होती. रसायनांमुळे जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीचा धूरही अनेक वर्षे परिसराने सोसला.

हवा अशी दमेकऱ्यांना जड होत असताना उपचारांतला खरा बदल औषधाच्या वाटेत झाला. १९५६ मध्ये अमेरिकेत मोजून फवारा देणारा पंप निघाला, १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आणि १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथासोन बाजारात आले. भारतात सिप्लाने १९७६ मध्ये दम्यासाठी फवारे आणले. गोळीतली मात्रा मिलिग्रॅमांत, पंपातली मायक्रोग्रॅमांत. औषध थेट फुफ्फुसात जाते आणि रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून गर्भापर्यंत पोचणारा अंश नगण्य राहतो. पुढे आलेला रोटाहेलर स्वस्त आणि सोपा. कॅप्सूल खाचेत बसवायची, नळीचा भाग फिरवला की ती उघडते, मग तोंडाने जोरात श्वास ओढून दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. पंपाची सवय लागते, ही समजूत मात्र पंपापेक्षा लवकर पसरली.

पुराव्याची बाजू १९९० च्या दशकात भक्कम झाली. १९९३ मध्ये अमेरिकेत गरोदरपणातील दम्यावर स्वतंत्र मार्गदर्शक अहवाल निघाला. १९९९ मध्ये स्वीडनच्या जन्मनोंदणीतून, गर्भारपणाच्या सुरुवातीला ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड श्वासावाटे ओढणाऱ्या मातांच्या २०१४ बाळांचा आढावा प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषांचे प्रमाण ३.८ टक्के निघाले, सर्वसाधारण प्रमाण ३.५ टक्के होते, म्हणजे फरक नसल्यातच जमा. उलट आटोक्यात न ठेवलेल्या दम्यामुळे कमी वजनाचे बाळ, अकाली प्रसूती आणि रक्तदाबाचे विकार वाढतात, असे अनेक पाहण्यांत दिसले. गर्भारपणात साधारण एकतृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, तितक्यांचा कमी होतो आणि उरलेल्यांचा होता तसा राहतो. झटके बहुधा सहाव्या ते नवव्या महिन्यादरम्यान येतात, ऐन कळांत क्वचित.

झटका ओळखण्यात एक बारकावा आहे. गर्भिणी मुळातच खोल श्वास घेते, त्यामुळे तिच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवीच्या ४० मिमी (पारा) ऐवजी ३० च्या आसपास असतो. झटक्यात तोच आकडा ४० दाखवला तर तो ‘नॉर्मल’ नसून ती थकत चालल्याचे लक्षण असते. ऑक्सिजनही ९४-९५ टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नसतो, कारण आईला फार जाणवण्याआधी बाळाला तो कमी पडू लागतो.

बाळंतपणे घरून रुग्णालयात गेली तशी ही जोखीम सांभाळणारी माणसे आणि साधने जवळ आली. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, १९९२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही या भागातली सार्वजनिक रुग्णालये. प्रसूतिगृहात दम्याची नोंद केसपेपरवर ठळक असणे आवश्यक असते. रक्तस्राव थांबवणारे कार्बोप्रोस्ट अशा रुग्णाच्या श्वासनलिका आवळते, अर्गोमेट्रिनबाबतही सावध राहावे लागते, ऑक्सिटोसिन चालते. वाढलेल्या रक्तदाबासाठी सर्रास दिले जाणारे लेबेटॅलॉलही दम्यात टाळतात.

घरी परतल्यावर जुनी प्रथा वाट पाहत असते. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी देतात. उबेचा हेतू चांगला असला तरी कोंडलेला धूर दमेकरी आईला आणि तान्ह्या बाळालाही बाधतो. शेक आणि मालिशीला हरकत नाही, धुरी मात्र अशा घरात वगळावी असे डॉक्टर सांगतात. पंपातली औषधे स्तनपानाच्या काळातही चालू ठेवता येतात.