गुन्हेगारीविषयक मानसशास्त्रीय उपपत्ती आणि मुंबई इलाख्यातील सुधारधोरण : विशेष संदर्भ १९२४

प्रस्तावना

गुन्हेगारीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उपपत्ती आणि धोरण यांचा संबंध बहुधा सरळ रेषेत सांगितला जातो. आधी लोम्ब्रोझोचा ‘जन्मजात गुन्हेगार’, नंतर बुद्धिमापन, त्यानंतर व्यक्तीच्या मनाचा अभ्यास. आणि त्या त्या टप्प्यास अनुसरून शिक्षेकडून सुधारणेकडे झालेली वाटचाल. मुंबई इलाख्यातील कायद्यांचा इतिहास पाहता हा क्रम टिकत नाही. येथे परस्परविरोधी अशा दोन उपपत्ती एकाच काळात वेगवेगळ्या समूहांना लावण्यात आल्या. प्रस्तुत लेखात हा मुद्दा मुख्यतः १९२४ या वर्षाच्या आधारे मांडला आहे.

उपपत्तीच्या आधी कायदा

चेझारे लोम्ब्रोझो या इटालियन वैद्याचा गुन्हेगार मनुष्यावरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. भारतातील गुन्हेगारी जमाती कायदा मात्र १८७१ चा आहे. गुन्हेगारी वृत्ती जन्मतःच येते, हे गृहीत धरण्यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांना युरोपातील शास्त्राची वाट पाहावी लागली नाही. त्यांनी लावलेला जातिव्यवस्थेचा अर्थच त्यांना पुरेसा होता. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा हा युक्तिवाद होता. संपूर्ण जमातीची नोंदणी, नियमित हजेरी आणि गाव सोडण्यासाठी परवाना ही बंधने त्यातून आली. लोम्ब्रोझोने निदान कवट्या तरी मोजल्या होत्या. येथे जातीचे नाव पुरेसे ठरले.

युरोप-अमेरिकेत ही उपपत्ती फार काळ निर्विवाद राहिली नाही. चार्ल्स गोरिंग याने सुमारे ३००० इंग्लिश कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्ये गुन्हेगाराची वेगळी शरीरठेवण नसते असे दाखविले. परंतु त्यांची बुद्धी उणी असते असे प्रतिपादन करून वारशाला त्याने दुसऱ्या दाराने आत घेतले. विल्यम हीली याची भूमिका अधिक मूलगामी होती. शिकागोच्या बालन्यायालयात येणाऱ्या मुलांच्या अभ्यासासाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत काम करीत असताना त्याने प्रत्येक मुलाचा इतिहास स्वतंत्रपणे तपासण्याचा आग्रह धरला. १९१५ च्या त्याच्या ग्रंथाने एकाच कारणाच्या शोधाला आव्हान दिले. गुन्हा कोणी केला यापेक्षा ‘या’ मुलाने तो का केला, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

एकाच वर्षातील दोन कायदे

भारतीय तुरुंग समितीने (१९१९-२०) कैद्याची सुधारणा हे तुरुंगप्रशासनाचे उद्दिष्ट मानले. मद्रास (१९२०) आणि बंगाल (१९२२) यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये मुंबईत बालकांविषयीचा कायदा झाला. अपराधी बालक हे प्रौढ गुन्हेगाराहून वेगळे आहे, त्याला तुरुंगाऐवजी देखरेख आणि शिक्षण हवे, ही त्यामागील धारणा होती. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि या कायद्याच्या अंमलबजावणीला संस्थात्मक आधार मिळाला.

त्याच १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने गुन्हेगारी जमाती कायदा एकत्रित स्वरूपात पुन्हा संमत केला. १९११ च्या कायद्यापासून मुंबई इलाखाही या व्यवस्थेच्या कक्षेत आलेला होता. वसाहतीत ठेवलेल्या जमातींच्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक, शेतकी अथवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार या कायद्याने प्रांतिक सरकारला दिला. त्यासाठी मुलाच्या हातून अपराध घडलेला असण्याची आवश्यकता नव्हती.

या तरतुदीतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. गुन्हेगारी रक्तात असेल, तर मुलाला आईपासून तोडून शाळेत घालण्यात काय हशील? आणि ती परिस्थितीतून, सहवासातून येत असेल, तर अख्ख्या जमातीची जन्मावरून नोंदणी कशासाठी? शासनाने मोठ्यांपुरता वारसा मानला आणि मुलांपुरती परिस्थिती. निष्पत्ती मात्र दोन्हीकडे बंदिवासच होती. मुंबईच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुलाला निदान स्वतःचा इतिहास असू शकत होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या मुलाच्या वाट्याला फक्त जमातीचा इतिहास आला.

सोलापूरची वसाहत या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. तेथील रहिवाशांना कापडगिरण्यांत कामाला लावले जाई. काम आणि शिस्त हाच उपचार मानला गेला. चांगल्या वर्तनानंतर कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे वस्त्यांचे नाव सोलापुरात आजही टिकून आहे. त्यातील ‘फ्री’ या शब्दाचा मूळ अर्थ किती जणांना ठाऊक असेल? मुंबई इलाख्यातील या वसाहतींचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये दलित व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली गेली आणि डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. समूहाच्या दैन्याची कारणे सामाजिक असतात हे जाणणारे प्रशासन याच समूहांपैकी काहींना जन्माने संशयित ठरवीत होते, हे येथे नोंदवावेसे वाटते.

विश्वासाचा प्रयोग

औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्थापन झालेली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत याहून सर्वस्वी निराळी होती. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा तिच्यामागे होती. येथील कैदी भिंतीविना शेती करून राहत. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामुळे हा प्रयोग देशभर पोहोचला. मानसशास्त्राची परिभाषा या प्रयोगाने फारशी वापरली नाही. तथापि माणसावर विश्वास टाकल्यास त्याचे वर्तन बदलते, ही उपपत्ती येथे प्रत्यक्षात आणली गेली. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीवर विश्वास ठेवता येत होता. मग कोणताही गुन्हा न केलेल्या जमातींवर तो का ठेवला गेला नाही?

१९५२ नंतर

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगारी जमाती कायदा रद्द झाला. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयी कायदा केला. त्यात निकष जमातीचा न राहता व्यक्तीच्या दोषसिद्धीचा झाला. कायद्याच्या भाषेत हा बदल मोठा होता. तुरुंगाच्या नियमावल्यांपर्यंत तो पूर्णपणे पोहोचला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात अनेक राज्यांच्या तुरुंगनियमांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विमुक्त जमातींचे सदस्य स्वभावतःच सराईत गुन्हेगार असल्याचे सुचविणारे उल्लेखही तोपर्यंत, म्हणजे मूळ कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यानंतरही, काही नियमावल्यांत शिल्लक होते.