वर्तन बदलावे कोणाचे?

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न नावाचे एक गाव आहे. तेथील मनोविकार रुग्णालयाचे नाव दोन कारणांनी इतिहासात राहिले. हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५० नंतरच्या दशकात एलएसडी या द्रव्याचे जे प्रयोग केले ते येथले. त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. दुसरे कारण मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही. त्याच दशकाच्या अखेरीस तिओदोरो आयलॉन या तरुण संशोधकाने तेथील परिचारिकांना एक साधे काम सांगितले. ठरावीक अंतराने रुग्णाला शोधावयाचे, त्याच्याशी काहीही न बोलता तो त्या क्षणी काय करीत आहे ते पाहावयाचे आणि टिपून ठेवावयाचे. या नोंदींतून जो निबंध तयार झाला, तो आयलॉन व त्यांचे गुरू जॅक मायकेल यांच्या नावे १९५९ साली प्रसिद्ध झाला. शाळेत आणि रुग्णालयात माणसाचे वर्तन पद्धतशीरपणे बदलू पाहणाऱ्या संशोधनाचा इतिहास सांगताना आरंभी ज्या थोड्या निबंधांची नावे घेतात, त्यांत याची गणना होते.

या निबंधामागचे तत्त्व बी. एफ. स्किनर यांचे. १९३८ सालच्या ग्रंथात त्यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले होते की, प्राण्याची कृती पुन्हा घडेल की नाही हे त्या कृतीच्या पाठोपाठ काय येते यावर अवलंबून असते. जे पाठोपाठ आल्याने कृती दृढ होते, त्याला आपल्याकडील मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्रबलन’ म्हणतात. लाड केल्याने मूल शेफारते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते, त्यासाठी उंदीर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु लाड नेमका कोणता, आणि तो कोण करीत आहे, हे आजीने कधी मोजले नव्हते. मोजू लागल्यावर जे दिसले ते मोजणाऱ्यांनाच अडचणीचे होते.

ल्युसिल या नावाने निबंधात येणारी एक रुग्ण दोन वर्षे परिचारिकांच्या कचेरीत सारखी शिरत असे. दिवसाकाठी सरासरी १६ वेळा. परिचारिका तिला कधी समजावीत, कधी हाताला धरून, कधी ढकलून बाहेर नेत. हिला बुद्धीच नाही, तेव्हा सांगून काय उपयोग, अशी त्यांची समजूत होती. आयलॉनने सांगितले, ती आली तरी तिच्याकडे लक्षच देऊ नका. सातव्या आठवड्यापर्यंत हा आकडा दोनवर आला. ल्युसिलला समज नव्हती असे नव्हे. हाताला धरून बाहेर नेणे हाच तिच्या दिवसातला माणसाचा स्पर्श होता. दोन वर्षे तिला कचेरीत बोलावीत होत्या त्या परिचारिकाच, आणि ही गोष्ट त्यांना वहीतल्या आकड्यांवाचून कळली नसती.

आयलॉनच्या १९६३ सालच्या निबंधातील टॉवेलांची हकिकत पुढे पाठ्यपुस्तकांतून फार गाजली. एक रुग्ण वॉर्डातील टॉवेल गोळा करून खोलीत साठवी, आणि परिचारिका आठवड्यातून दोनदा ते काढून नेत. तरी तिच्याजवळ १९ ते २९ टॉवेल असतच. मग काढून नेणे बंद करून उलट टॉवेल आणून देणे सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला ६० टॉवेल जाऊ लागले. खोलीत ६२५ टॉवेल झाले तेव्हा तिने स्वतःच ते बाहेर टाकावयास आरंभ केला, आणि पुढे तिच्या खोलीत सरासरी दीड टॉवेल राहू लागला. ही गोष्ट वाचताना हसू येते. त्याच निबंधात मात्र त्याच बाईने दुसऱ्याचे अन्न उचलले की तिला भोजनगृहाबाहेर काढीत व ते जेवण तिला मिळत नसे, हेही नोंदलेले आहे. वैद्यकीय दृष्ट्या तिचे वजन घातक होते आणि ते उतरलेही. पण उपाशी ठेवण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

हेलेन या रुग्णाचे प्रकरण मला याहूनही विचारात पाडते. ती सतत आपल्या अनौरस मुलाविषयी व आपला पाठलाग करणाऱ्या पुरुषांविषयी बोले. तिच्या एकूण बोलण्यात या विषयांचे प्रमाण ९१ टक्के होते, आणि वैतागलेले इतर रुग्ण तिला मारहाण करीत. या बोलण्याकडे दुर्लक्ष करावयाचे आणि इतर बोलण्याला प्रतिसाद द्यावयाचा, असे ठरले. प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली उतरले, आणि मग पुन्हा चढले, कारण एक समाजसेविका तिचे ते बोलणे ऐकून घेत होती. निबंधकारांच्या लेखी हे चोरवाटेने मिळणारे प्रबलन होते. त्यांच्या चौकटीत ते बरोबरही आहे. तथापि त्या बोलण्यात काही तथ्य होते काय, की ऐकावयास कोणी होते म्हणून ते पुन्हा सुरू झाले, हे आकडे सांगत नाहीत. मारहाण थांबणे हेलेनच्या हिताचे होते यात शंका नाही, पण तिला काय हवे होते याची नोंद कोठे नाही.

याच सुमारास अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवाडीत सिडनी बिजू यांच्या नेतृत्वाखाली हेच तत्त्व लहान मुलांच्या बाबतीत तपासले जात होते. १९६४ साली तेथून जे निबंध निघाले त्यांत ॲन या चार वर्षांच्या मुलीची कथा आहे. ती इतर मुलांशी जेमतेम १० टक्के वेळ खेळे आणि सुमारे ४० टक्के वेळ शिक्षिकांच्या भोवती असे. एकटे मूल पाहून प्रेमळ बाई जे करील तेच या शिक्षिका करीत होत्या. तिच्याजवळ बसत, तिच्याशी बोलत. आता त्यांनी ॲन मुलांत मिसळली की लगेच तेथे जावे आणि ती एकटी असताना जाऊ नये, असे ठरले. मुलांत रमण्याचा तिचा वेळ झपाट्याने वाढला. मग संशोधकांनी एक धाडसाची गोष्ट केली. जुनी पद्धत पुन्हा आणली. ॲन पुन्हा एकटी पडू लागली. नवी पद्धत आणताच पुन्हा मिसळू लागली. बदल आपल्यामुळेच झाला, वय वाढल्यामुळे नव्हे, हे एकाच मुलावर सिद्ध करण्याची ही रीत या शास्त्राची खरी देणगी होय. सुधारलेल्या मुलाला काही दिवस मुद्दाम मागे नेणे ज्याला रुचणार नाही, त्यालाही तिची सचोटी मान्य करावी लागेल.

सिएटलचेच मॉन्ट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी वेस्टर्न स्टेट रुग्णालयातील साडेतीन वर्षांच्या डिकीवर जे काम केले ते १९६४ साली छापून आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत या मुलाच्या डोळ्यांतील भिंगे काढलेली होती. चष्मा न लावल्यास दृष्टी कायमची जाणार होती, आणि तो चष्मा लावू देत नव्हता. आधी भिंगे नसलेल्या रिकाम्या चौकटी खोलीत ठेवल्या. उचलली तरी खाऊ, डोळ्यांजवळ नेली तर पुन्हा खाऊ. हे फार संथ चालले, तेव्हा जेवणाचे घास वापरले. तो घरी गेला तेव्हा दिवसाला सुमारे बारा तास चष्मा लावीत होता. येथे हेतूविषयी वाद नव्हता. डोळे वाचवावयाचे होते आणि ते वाचले.

वाद पुढे आला. १९६८ साली या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले आणि वुल्फ त्याचे पहिले संपादक झाले. चारच वर्षांत रिचर्ड विनेट आणि रॉबिन विंकलर या दोघांनी त्याच नियतकालिकात शाळांविषयीच्या निबंधांची झडती घेतली. त्यांचा निष्कर्ष असा की, संशोधकांनी मुलांना गप्प बसणे, जागा न सोडणे आणि निमूट राहणे एवढेच शिकविले होते. मुलांनी कसे असावे हे ठरविले शिक्षकांनी, आणि शास्त्र त्यांच्या हाती गेलेली नवी छडी ठरले. पंतोजींच्या शाळेची वर्णने वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती छडी ओळखावयास वेळ लागू नये. त्याच वर्षी, १९७२ साली, अमेरिकेतील अलाबामा राज्यात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मनोरुग्णांच्या किमान हक्कांची यादी घालून दिली. कामाच्या मोबदल्यात बिल्ले देऊन त्या बिल्ल्यांवर अन्न वा खाट मिळविण्याची जी पद्धत अनेक रुग्णालयांनी उचलली होती, तिच्या मुळावरच हा निकाल आला. पोटभर जेवण आणि झोपावयास जागा ही बक्षिसे राहिली नाहीत, हक्क झाले. लॉस एंजेलिस येथे इव्हार लोव्हास यांनी साठीच्या दशकात आत्ममग्न मुलांवर चपराका आणि विजेचे धक्के वापरले होते, त्याचाही जाब पुढे विचारला गेला. ती मुले ज्या स्थितीत होती तसेच लहानपण काढलेली प्रौढ माणसे आज तो स्वतःच्या तोंडून विचारीत आहेत.

वुल्फ यांना याचे भान आले ते कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे. तेथे १९६७ पासून गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या मुलांसाठी एक लहानसे घर चालविले जाई, घरात एक जोडपे आईबापांसारखे राही आणि चांगल्या वागणुकीला गुण मिळत. १९७८ साली वुल्फ यांनी लिहिले की, उद्दिष्ट योग्य आहे काय, पद्धत मान्य आहे काय आणि परिणाम समाधानकारक आहे काय, हे तिन्ही प्रश्न ज्यांच्यावर आपण काम करतो त्यांना विचारले पाहिजेत. ज्या शास्त्राने मनातल्या गोष्टी मोजता येत नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या, त्याच्याच एका धुरीणाने आवडनिवड विचारात घ्यावी असे म्हणणे सोपे नव्हते.

हे नुसते लेखी राहिले नाही. १९७७ साली याच परंपरेतील एका निबंधात अशा घरांतील मुलांनाच विचारले गेले की, तुम्हांला सांभाळणाऱ्या मोठ्यांनी कसे वागलेले आवडते. मुलांनी सांगितले : शांतपणे बोलावे, मदत देऊ करावी, कारण समजावून सांगावे, थट्टाविनोद करावा, ओरडू नये, आरोप करू नयेत. संशोधकांनी ती यादी घेतली, आणि होऊ घातलेल्या गृहपालकांना तिच्यावरून शिकवण दिली.