आतले दार : काशीतील मराठी घरांच्या निमित्ताने

काशीतील मराठी वसाहतीचा इतिहास आजवर बहुधा घाटांच्या, देवालयांच्या आणि पंडितकुलांच्या अंगाने लिहिला गेला आहे. पैठणहून तेथे गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट, त्याच कुळातील गागाभट्ट आणि १६७४ सालचा राज्याभिषेक, अहल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, नागपूरकर भोसल्यांचा घाट ही त्याची परिचित स्थाने. हे सारे बाहेरून दिसणारे वैभव होय. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात ज्या घरांतून ही माणसे राहिली, त्यांच्या आतल्या दारांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ही दारे कशी निवडावीत, कशी बसवावीत आणि त्यांना काय म्हणावे, हा प्रश्न सुताराचा तर आहेच. पण तो भाषेचाही आहे, आणि भाषांतराचा तर विशेषच.

प्रथम शब्दांविषयी. मराठीतील ‘कवाड’ आणि हिंदीतील ‘किवाड़’ दोन्ही संस्कृत ‘कपाट’पासून आलेले, त्यांचे नाते उघड आहे. ‘उंबरठा’ मात्र ‘उदुंबर’ या शब्दाच्या वंशातला, तर हिंदीची ‘देहरी’ संस्कृत ‘देहली’ची लेक. देहलीवरून शास्त्रकारांनी ‘देहलीदीपन्याय’ घडविला : उंबरठ्यावरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, तसे एकच पद दोन वाक्यांशांना लागू पडते. तुलसीदासांनी जिभेलाच देहरी कल्पून तिच्यावर रामनामाचा मणिदीप ठेवला, तो याच प्रतिमेचा विस्तार होय. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली वाराणसीतच पूर्ण केले आणि ‘रामचरितमानसा’च्या रचनेला १५७४ साली अयोध्येत आरंभ झाला. या दोन ग्रंथांमधले अंतर किती थोडे होते, हे आपण सहसा विसरतो.

दार बसविण्याचे शास्त्र सांगताना वास्तुग्रंथ शुभाशुभाची भाषा वापरतात, म्हणून आधुनिक वाचक त्यांना बाजूला सारतो. तसे करणे घाईचे ठरेल. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त सांगितले आहे की, जे दार आपोआप उघडते ते उन्माद आणते आणि जे आपोआप मिटते ते कुलनाशास कारण होते, प्रमाणाहून उंच दार राजभय आणते, ठेंगणे दार चोरभय. फलश्रुती क्षणभर दूर ठेवली, तर यात कारागिराचे अचूक निरीक्षण उरते. दार आपोआप केव्हा फिरते? त्याच्या फिरण्याचा अक्ष ओळंब्यात नसेल तेव्हा. चौकट एका अंगाला किंचित कलली तरी फळीचे वजन तिला सखल बाजूकडे ओढते, आणि ती तेथे जाऊन थांबते. नदीकाठच्या जुन्या घरांत पाया खचला, भिंत दबली, की त्याची पहिली वर्दी आतले दारच देते. ‘उन्माद’ या शब्दात अतिशयोक्ती आहे खरी. पण रात्री कुणी नसताना करकरत उघडणाऱ्या दाराचा अनुभव ज्याने घेतला आहे, तो वराहमिहिराला हसणार नाही.

लाकडाच्या बाबतीत एक फसगत वारंवार होते. मराठीत ‘शिसवी दार’ म्हटले की काळपट, जड, दक्षिणेकडील जंगलांतला शिसव डोळ्यांसमोर येतो. गंगेच्या मैदानात ‘शीशम’ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष त्याच कुळातला, पण वेगळ्या जातीचा, रंगाने तांबूस-तपकिरी. तेव्हा काशीच्या घराच्या वर्णनातील ‘शीशम’चे मराठीत ‘शिसवी’ केले, तर दाराचा रंगच बदलतो. उत्तरेत याच्या बरोबरीने साखू, म्हणजे साल, चौकटींसाठी वापरला जाई. मराठी मुलखात मान सागवानाचा. लाकूड कोणतेही असो, ते मुरलेले हवे, आणि पावसाळ्यात फुगण्यासाठी फळी व चौकट यांत थोडी फट हवी. बाहेरच्या दाराला पुष्कळदा चुनारच्या वालुकाश्माची चौकट असे. दगड फुगत नाही. आतल्या दाराला मात्र लाकडी चौकट असली, की चौकट आणि फळी दोन्ही ओल पितात.

जुनी फळी वरच्या आणि खालच्या खुंटांवर, खाचेत फिरे. पुढे लोखंडी जोड आला, आणि येथे दोन भाषांनी दोन वाटा धरल्या. मराठीची ‘बिजागरी’ पोर्तुगीजांकडून, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरून आली. हिंदीने अरबी मुळाचा ‘कब्ज़ा’ घेतला. हाच शब्द मराठीतही आहे, पण केवळ ताब्याच्या अर्थाने. दाराशी त्याचा काही संबंध नाही. हिंदीत दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. वाटण्या आणि भाडेकरू यांनी ग्रासलेल्या वाड्यात सुतार ‘कब्ज़ा’ म्हणतो आणि वकीलही ‘कब्ज़ा’ म्हणतो. हा श्लेष मराठीत आणणे जवळजवळ अशक्य आहे. (‘वाडा’ हा शब्दही तेथे ‘बाड़ा’ झाला. हिंदी कानाला त्यात गोठ्याच्या कुंपणाचा ध्वनी येतो, हे आंग्र्यांच्या वाड्याचे दुर्दैव म्हणावे.)

आतले दार कोणाला कोणापासून वेगळे करीत होते? आजच्या अर्थाने खासगीपणासाठी ते क्वचितच असे. ओसरीवर विद्यार्थी व यात्रेकरू, आत माजघर, त्याहून आत सोवळ्याचे स्वयंपाकघर व देवघर, अशा क्रमाने दाराचे कार्य ठरे. माजघराला पुष्कळदा चौकटच असे, फळी नसे. तेथे उंबरठा आणि रीत मिळून दाराचे काम करीत. बाळंतिणीच्या खोलीला मात्र फळी लागे. ज्या घरात विद्येसाठी सर्वांना मुक्तद्वार होते, त्याच घरातील स्त्रीला आणि विशेषतः काशीवासाला आलेल्या विधवेला आतल्या किती चौकटी ओलांडण्याची मुभा होती, हे तपासल्याखेरीज काशीच्या मराठी पांडित्याचा इतिहास पुरा होणार नाही, असे मला वाटते.

सर्वांत आतले आणि सर्वांत हलके दार म्हणजे ताटी. मुक्ताबाईंच्या नावावरील ताटीच्या अभंगांत ती रुसलेल्या ज्ञानेश्वरांना ताटी उघडण्याची विनवणी करते. काशीच्या कबीराच्या एका प्रसिद्ध पदात ज्ञानाची वावटळ येते आणि भ्रमाची टाटी उडवून नेते. शब्द एकच आहे. ‘दार’ असे त्याचे भाषांतर केले, की दोन्ही रचना दुबळ्या होतात. ताटी कुडाची, बांबू-बोरूची; तिला खुंट नाही, अडसर नाही, ती नुसती लावायची आणि सारायची. कबीराची वावटळ ती सहज उडवू शकते. मुक्ताबाईंनाही ती बाहेरून एका हाताने ढकलता आली असती. तरीही त्या आतल्यानेच ती उघडावी म्हणून थांबतात.